पिटो नळीपासून पडद्यापर्यंत

खानदेशात दिवसभर आकाशातून ऐकू येणारी घरघर बहुधा प्रवासी विमानाची नसते. जळगाव, शिरपूर आणि धुळ्याजवळचे गोंदूर येथील धावपट्ट्यांवरून वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली लहान विमाने चालवायला शिकतात.

अशा प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान १९५५ साली प्रथम उडाले. बाहेरून ते आजही बरेचसे तसेच दिसते; पालटले आहे ते वैमानिकासमोरचे फलक. तेथे पूर्वी वेग, क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढउताराचा दर दाखवणाऱ्या सहा गोल तबकड्या असत. २००४ च्या सुमारास ‘गार्मिन जी १०००’ ही प्रणाली आली आणि तबकड्यांची जागा दोन पडद्यांनी घेतली. विमानाचा कल आणि वळण ओळखण्यासाठी तबकड्यांमागे भोवऱ्यासारखे गरगर फिरणारे चक्र, म्हणजे गायरो, असे; त्याचे काम आता हलते भाग नसलेले संवेदक करतात.

विमान उत्तरेला सातपुड्याकडे वळले की या पडद्याचे मोल कळते. विमानापेक्षा १,००० फुटांहून कमी खाली असलेली जमीन नकाशावर पिवळी होते. ते अंतर १०० फुटांवर आले, किंवा डोंगरच विमानाहून उंच असला, की ती लाल दिसते. मात्र हे यंत्र डोंगर पाहत नाही. उपग्रहांकडून कळलेले स्वतःचे स्थान ते साठवलेल्या नकाशाशी ताडून पाहते, इतकेच. म्हणून नकाशा जुना असेल, तर नवा मनोरा त्याच्या लेखी उभाच राहिलेला नसतो.

वेगाची गोष्ट याहून साधी, आणि आमच्या मते अधिक बोलकी आहे. डाव्या पंखाखालच्या पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेचा दाब आणि बाहेरच्या स्थिर हवेचा दाब यांतील फरकावरून गणक वेग काढतो. उभ्या विमानाच्या या नळीत कुंभारमाशीने चिखलाचे घर केले, तर पडदा चुकीचा आकडा तितक्याच सुबक अक्षरांत दाखवतो. पडदे बंद पडल्यास उपयोगी यावी म्हणून खाली वेगाची एक जुनी तबकडी राखून ठेवलेली असते खरी, पण या विमानात तिलाही हवा त्याच नळीतून मिळते.

त्यामुळे उड्डाणापूर्वी प्रशिक्षणार्थी पंखाखाली वाकतो, नळीवरचे आच्छादन काढतो आणि तिच्या तोंडाशी डोळा नेऊन पाहतो. पडदे त्यानंतर उजळतात.