छापलेलं हाड बसतं कुठे?

नमस्कार मंडळी, आज जरा हाडातल्या कॅन्सरच्या गाठीबद्दल बोलूया, म्हणजे गाठ काढल्यावर जो खड्डा उरतो ना, त्याच्याबद्दल. मांडीच्या हाडासाठी ठरावीक मापाचे तयार इम्प्लांट, म्हणजे हाडाच्या जागी बसवायचे कृत्रिम तुकडे, मिळतात, पण ओटीपोटाचं हाड, खुब्याची वाटी, मानेचा मणका हे सगळे वेडेवाकडे आकार, त्यात गाठ कुणाची कुठवर पसरलीये याचा काही नेम नाही, मग तिथे रेडीमेड काय बसणार?

म्हणून आधी सीटी स्कॅन करतात, गाठीची हद्द एमआरआयवर बघतात, मग सर्जन आणि इंजिनिअर कॉम्प्युटरसमोर बसून कुठे कापायचं ते ठरवतात आणि त्या मापाचा तुकडा टायटॅनियम धातूच्या पावडरीतून थ्रीडी प्रिंटरवर छापला जातो, लेझरने किंवा इलेक्ट्रॉन बीमने थरावर थर वितळवत. हाडाला टेकणारी बाजू मुद्दाम स्पंजसारखी जाळीदार ठेवतात, भोकं साधारण अर्ध्या मिलिमीटरची, कारण त्यात आपलं हाड वाढून शिरतं. शिवाय भरीव टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ, सगळा भार तेच उचलतं आणि शेजारचं हाड काम नाही म्हणून विरळ होत जातं, जाळीमुळे हा ताठपणा बराच उतरतो. २०१४ मध्ये बीजिंगला १२ वर्षांच्या एका मुलाच्या मानेतला दुसरा मणका कॅन्सरमुळे काढून तिथे असाच छापलेला मणका बसवला होता.

पण मला विचाराल तर खरी मेख कापण्यात आहे, छपाईचं एवढं काही नाही. करवत जरा तिरकी गेली की इम्प्लांट बसत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे गाठीचा अंश आत राहू शकतो. त्यासाठी त्याच पेशंटच्या हाडावर चपखल बसणारे गाइडसुद्धा छापतात, त्यांच्या खाचेतूनच करवत चालवायची. इन्फेक्शनची भीती आहेच, ऑपरेशन मोठं आणि केमोने प्रतिकारशक्ती आधीच खाली आलेली.

आणि वेळ! डिझाइन, छपाई, साफसफाई, निर्जंतुकीकरण यात काही आठवडे जातात आणि गाठ काही थांबून राहत नाही हो, ऑपरेशनआधी केमो असेल तर त्या काळात हे काम उरकतात. तरी सर्जन दुसरा प्लॅन तयार ठेवतातच, कारण मधल्या काळात गाठ वाढली तर ठरल्यापेक्षा जास्त हाड कापावं लागतं, आणि मग एवढ्या मापाने छापलेला तो तुकडा ट्रेमध्येच राहतो.