तिसऱ्या टाळीला ढग

नमस्कार श्रोतेहो.

एका नाटुकल्यापासून सुरुवात करते. नाटुकलं मीच बसवलेलं, वर्ग माझा आणि फजितीही माझीच. मुलांना जलचक्र शिकवायचं होतं. फळ्यावर बाण काढून काढून कंटाळले होते, म्हणून यंदा ते नाचातून शिकवायचं ठरवलं. निळं कापड म्हणजे समुद्र, पांढरं कापड म्हणजे वाफ. पहिल्या टाळीला समुद्र हलायचा, दुसऱ्या टाळीला वाफ उठायची आणि तिसऱ्या टाळीला वाफेची मुलं स्टुलांवर चढायची, की झाला ढग. देखणं झालं होतं हो! पालक खूश, फोटो निघाले, माझी पाठ थोपटली गेली. टाचणवहीत मी लिहिलं, "मुलांचा उत्तम सहभाग. उद्दिष्ट साध्य."

दुसऱ्या दिवशी वाफ झालेल्या एका मुलाला सहज विचारलं, "काय रे, वाफेचा ढग कशानं होतो?"

तो म्हणाला, "बाई, तिसरी टाळी वाजली की."

आता याला चूक कसं म्हणू? माझ्या वर्गात ढग खरोखर त्याच कारणानं झाला होता.

कलेचा हात धरून विषय शिकवणाऱ्या शिक्षकांशी आणि अशा शाळा चालवणाऱ्यांशी आज मला या टाळीबद्दल बोलायचंय. वर्गात टाळी कोण वाजवतं, किती वेळा वाजवतं आणि ती वाजवताना आपल्याला कळतं तरी का? आत्मपरीक्षण हा शब्द मोठा आहे, ऐकला की माणूस गंभीर चेहरा करून बसतो. माझ्यापुरतं ते एवढ्याच प्रश्नावर येऊन थांबतं : मुलानं घ्यायचा निर्णय मी कुठे परस्पर घेऊन टाकला?

कला-एकात्मिक शिक्षणाची एक व्याख्या वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्रानं केली आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी मानली जाते. तिचा सारांश असा, की मुलं एखाद्या कलाप्रकारातून आपली समज घडवतात आणि ती दाखवतात, आणि त्यात कलेची उद्दिष्टं व विषयाची उद्दिष्टं दोन्ही साधली गेली पाहिजेत. या व्याख्येला माझं नाटुकलं लावून पाहिलं. विज्ञान शिकले का? नाही. नृत्य शिकले का? तेही नाही, कारण एकही हालचाल त्यांनी शोधलेली नव्हती. मग झालं काय? कवायत झाली, रंगीत कापडं घेऊन.

जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानं १९१० साली मांडलं होतं, की खरा विचार सुरू होतो तो अडखळल्यावर, वाटेला फाटा फुटला आणि कुठे जावं ते कळेना, तेव्हा. आता माझी टाचणवही आठवा. "उद्दिष्ट साध्य." त्यात अडखळणं कुठे आहे? आपल्यापैकी पुष्कळ जण चिंतनाच्या वह्या भरतात आणि त्या भरतात तपासणाऱ्यासाठी. तपासणाऱ्यासाठी लिहिलेल्या वहीत माणूस स्वतःला भेटत नाही, हे मी वीस वर्षं वह्या भरून आणि पुढे त्या तपासूनही सांगते.

कलावंत हे फार साधेपणानं करतो. चित्रकार चार फटकारे मारतो, दोन पावलं मागे जातो, मान वाकडी करून बघतो आणि मग पुढे होऊन एक रेघ पुसतो. डोनाल्ड शॉन या अभ्यासकांनी १९८३ साली व्यावसायिकांच्या विचारपद्धतीबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या : काम चालू असताना, हात न थांबवता केलेला विचार, आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला. शिक्षकाला दुसरा कसाबसा जमतो. पहिल्यात आपली त्रेधा उडते, कारण समोर चाळीस जण असतात आणि मागे जायला दोन पावलांची जागा नसते.

म्हणून मी एक निर्दय उपाय केला. माझाच एक तास फोनवर रेकॉर्ड केला आणि घरी एकटीनं ऐकला. तुम्ही कधी स्वतःचा तास ऐकलाय? पहिली दहा मिनिटं आपलाच आवाज सहन होत नाही. (तुम्ही आत्ता तो सहन करताय, त्याबद्दल आभार.) नंतर आवाजाची सवय झाली आणि ऐकू आलं ते भयंकर होतं. मी विचारलं, "या चित्रात तुम्हाला काय दिसतंय?" आणि कुणी श्वास घ्यायच्या आत मीच म्हटलं, "बघा बघा, कोपऱ्यात बघा, काय आहे तिथे?" एका तासात असं चौदा वेळा. मोजलं मी.

मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तो थांबा तीन सेकंदांवर किंवा त्याहून पुढे नेला, तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? थांबा, दाखवते.

…

झाले तीन. रेडिओवर एवढी शांतता पसरली की बिघाड झाला असं वाटून माणूस बटण चाचपतो. वर्गात आपलंही तेच होतं. शांततेला आपण बिघाड समजतो आणि लगेच टाळी वाजवतो.

पुढे मी मुख्याध्यापिका झाले. हा भाग सांगायला थोडा अवघड आहे, कारण शिक्षिका म्हणून केलेल्या चुका आता विनोदी वाटतात, या अजून वाटत नाहीत. मी शाळेत फेरी मारायचे आणि थबकायचे कुठे? नेटक्या फलकापाशी, तयार झालेल्या चित्रांपाशी. "वा, छान!" म्हणून पुढे जायचे. कच्चे आराखडे, फाडलेले कागद, अर्धवट सोडलेली चाल यांच्यापाशी मी कधी उभी राहिले नाही. महिन्याभरात शिक्षकांनी ओळखलं, की मॅडमना तयार माल आवडतो. मग ते तो तयार करून देऊ लागले, आणि वेळ पडली तर मुलांच्या हातातला ब्रश घेऊनसुद्धा.

त्यात भर म्हणून मी पालकसभेत ठासून सांगायचे, "कला शिकल्यानं गणितातले गुण वाढतात." टाळ्या पडायच्या. एलन विनर आणि लोइस हेटलँड या कलाशिक्षणाच्या संशोधकांनी अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी करून २००० साली निष्कर्ष मांडले होते, ते माझ्या हाती उशिरा आले. वर्गातल्या नाट्यामुळे भाषिक कौशल्यं सुधारल्याचा आधार त्यांना सापडला. पण कलाशिक्षणानं सरसकट इतर विषयांचे गुण वाढतात, या दाव्याला मात्र नाही. निष्कर्ष बाहेर आल्यावर कलाप्रेमीच त्यांच्यावर नाराज झाले! त्यांनी मग कलावर्गांत बसून, तिथे नेमकं काय शिकलं जातं ते टिपलं. निरखून पाहणं, मनात चित्र उभं करणं, चिकाटी धरणं, आपल्या कामाकडे पुन्हा बघून प्रश्न करणं अशा आठ सवयी २००७ साली त्यांच्या गटानं नोंदवल्या. मी स्वतःला विचारलं, की पालकसभेत मी गुणांचा आधार का घेत होते? उत्तर साधं होतं. कलेवर माझा स्वतःचाच पुरेसा विश्वास नव्हता.

त्यानंतर वेळापत्रक काढून बसले, कारण शाळाप्रमुखाचं आत्मपरीक्षण डायरीत कमी आणि वेळापत्रकात जास्त दिसतं, असं माझं मत आहे. चित्रकलेचे सर आणि गणिताच्या बाई आठवड्यात एकदाही एकत्र मोकळे नव्हते. मी वर्षभर त्यांना "मिळून नियोजन करा" म्हणत होते. कधी करायचं, पायऱ्या उतरताना? एक जोडतास कसाबसा काढला. दोन मोकळे तास इकडचे तिकडे करायला मला अख्खा आठवडा लागला, आणि एका सरांचा रुसवा अजून गेलेला नाही.

त्याच सुमारास नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांची अभिप्राय देण्याची पद्धत आम्ही वापरून पाहिली. १९९०च्या सुमारास त्यांनी ती कलावंतांसाठी बांधली. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग काम करणारा स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण ज्यात मत दडलेलं नाही असे. आणि मत अगदी शेवटी, तेही परवानगी घेऊन. तिसरी पायरी करून बघा, घाम फुटतो. "इतकी घाई का केलीस?" हे तिथे चालत नाही. "किती वेळ द्यायचा हे कसं ठरवलंस?" असं विचारावं लागतं.

अभिप्रायासाठी पहिला तास कुणाचा ठेवायचा यावर सगळे गप्प. मग मीच माझं रेकॉर्डिंग लावलं, ते चौदा वेळांचं. ऐकून झाल्यावर चित्रकलेच्या सरांनी अगदी नियमात बसणारा प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्ही स्वतः शेवटचं चित्र कधी काढलंत?"

शाळा सोडल्यापासून काढलं नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी मला कोळशाची कांडी दिली आणि माझाच डावा हात काढायला बसवलं. पाचव्या मिनिटाला मी म्हणाले, "मला नाही येत." हे वाक्य मी मुलांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं आणि "येतं रे, सोपं आहे!" असं म्हणून उडवून लावलं होतं. सोपं नव्हतं. अंगठा काही केल्या बसेना. सर शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, माझ्या हातातली कांडीही घेतली नाही. ते चित्र अजून माझ्या खणात आहे. अंगठा वांग्यासारखा दिसतो.

पुढल्या वर्षी जलचक्राचा तास पुन्हा घेतला. या वेळी टाळ्या नव्हत्या. कापडं, मोकळी जागा आणि एक प्रश्न : पाण्याचे कण कधी दूर जातात, कधी जवळ येतात? गोंधळ झाला, बघायला काहीच सुरेख नव्हतं. बरीच मुलं एकमेकांना चिकटून ढग झाली. एक मुलगी मात्र हात पसरून एकटीच फिरत राहिली. मी जवळ जाऊन विचारलं, "तू का नाही गेलीस त्यांच्यात?" आणि थांबले.

रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता नीट ऐकू येते, पाच सेकंदांची आहे. मग ती म्हणते, "बाई, मी आहे तिथे अजून गार झालेलं नाही."

तेवढ्यात घंटा झाली. पाऊस त्या दिवशी पडलाच नाही.