तेच बेअरिंग पुन्हा का जातं? रॅली जिप्सीचा मागचा एक्सल

[दृश्य: अंबड औद्योगिक वसाहतीतली शेड, सकाळ. स्टँडवर उचललेली जिप्सी, मागची चाकं काढलेली.]

नाशिकच्या आसपासचा मुरूम वरून भुसभुशीत आणि खाली खडक. पावसाळ्यात ओहोळ, उन्हाळ्यात पिठासारखी धूळ. राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या या भागात झाल्या आहेत, आणि अशा रस्त्यांवर मारुतीची जिप्सी अजूनही हक्काची गाडी आहे. १९८५ मध्ये आली, २०१९ मध्ये बंद झाली. मागे सलग एक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेला. रचना साधी, म्हणून दुरुस्तीही साधी वाटते आणि तिथेच फसगत होते. मागच्या चाकाचं उजवं बेअरिंग गेलं, बदललं. पुढच्या रॅलीत तेच गेलं, पुन्हा बदललं. तिसरं विकत आणण्याआधी हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं लोखंडी कवच, मोजायला हवं. पण त्याच्याही आधी गाडी चालवून बघायची.

[दृश्य: कच्चा रस्ता, मागच्या चाकाजवळून.]

पहिला प्रश्न, आवाज कधी येतो? अॅक्सिलरेटर दिला की घोंगावतो आणि पाय काढला की सूर बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे एक्सलच्या मधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. पाय काढला तरी घरघर तशीच, पण वळणावर कमी-जास्त होते, तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. घरघर तेव्हा वाढली तर उजवी बाजू उघडा.

थरथरीचं गणितही उपयोगी आहे. २०५/७० मापाचा १५ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ८ फेरे घेतं, आणि एक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या जवळपास चौपट. म्हणून गाडी संथ, डुलल्यासारखी हलत असेल तर रिम, टायर किंवा वाकलेला हाफ शाफ्ट (एक्सलच्या आत चाक फिरवणारा दांडा). बुडाखाली बारीक झिणझिणी येत असेल तर प्रोपेलर शाफ्ट किंवा त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस.

आणि क्लच सोडताना ‘ठक्क’ वाजलं म्हणून लगेच डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला गोळा, उघडू नका. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. एक जरी फाटलं तरी हाच आवाज येतो. मग क्रॉस बघा, मग एक्सलला पाट्यांशी जखडणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल पडले की सगळा भार पाट्याच्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल त्या बाजूने जागेवरून सरकतो. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजलं की दोन मिनिटांत कळतं. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असावं, आणि रॅलीच्या पहिल्या टप्प्यानंतर (स्टेज) पुन्हा पान्हा लावावा.

[दृश्य: ड्रेन प्लग, त्यावरचा लोहचुंबक.]

आता एक्सलमधलं ऑइल. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर काळजी नाही. चकचकीत पापुद्रे म्हणजे बेअरिंग. बोटाला टोचणारा तुकडा म्हणजे दात. ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी शिरलंय, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा ब्रीदरमध्ये सापडतं. एक्सलमधली हवा आत-बाहेर सोडणारी ही छोटीशी झडप धुळीने बुजते. मग गरम एक्सलमधली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, ब्रेकचे लायनर भिजतात. तोच तापलेला एक्सल ओहोळात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉडीत उंचावर नेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. एवढं केल्याशिवाय नवं सील बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

[दृश्य: फिरत्या टायरवर खडूची रेघ.]

आणि आता हाउसिंग. एक्सल उचला, चाक हाताने फिरवत टायरच्या मधोमध खडूने बारीक रेघ मारा. दोन्ही चाकांवर. हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजा, मग मागून. एक-दोन मिलिमीटरचा फरक आम्ही चालवून घेतो. चार-पाच आला तर हाउसिंग उतरवायचं. पुढचं अंतर जास्त असेल तर खड्ड्याच्या माराने टोकं मागे वाकली आहेत. चाकांचे माथे आत झुकले असतील तर उडी मारून आदळल्याने टोकं वर गेली आहेत. अशा तिरक्या नळीत कितीही चांगलं बेअरिंग घाला, हाफ शाफ्ट त्याला प्रत्येक फेऱ्यात वाकड्यात ओढतो. सीलही एकाच बाजूने झिजतं.

हाउसिंग सरळ करून खालून पट्टी वेल्ड करायची, तर आत सरळ दांडा घालूनच. टाके छोटे, आलटून-पालटून दोन्ही बाजूंना. एका दमात लांब वेल्ड ओढलं की उष्णतेने नळी पुन्हा वाकते.

[दृश्य: ग्राइंडर, ठिणग्या.]

जिप्सीच्या हाफ शाफ्टवर बेअरिंग आणि त्यामागे दाबून बसवलेली रिटेनर रिंग असते. चाक गाडीला धरून ठेवते ती हीच. ती ग्राइंडरने पातळ करून छिन्नीने फोडायची, पण शाफ्टला ओरखडा जाता कामा नये. ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. जुनी रिंग कधीही परत वापरू नका, नवी प्रेसवरच बसवा. शाफ्टच्या टोकाचे उभे खाचे, म्हणजे स्प्लाइन, डोळ्यासमोर धरून बघा. रेषा पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट बाद.

क्राउन-पिनियन उघडलंच, तर दातांना मार्किंगचा रंग लावून ठसा बघा. ठसा दाताच्या आतल्या टोकाकडे गेला तर क्राउन पिनियनपासून दूर न्या, बाहेरच्या टोकाकडे गेला तर जवळ आणा. ठसा मुळाशी बसत असेल तर पिनियन जास्त आत आहे, शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) कमी करा. पिनियनचा नट जास्त आवळला गेला तर मागे फिरवून भागत नाही. आतली चेपणारी स्लीव्ह बदलावीच लागते.

[दृश्य: गाडी शेडबाहेर पडते.]

जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरा. दहा किलोमीटर फिरवून आणा, शेवटी ब्रेक शक्यतो न दाबता थांबा आणि दोन्ही ड्रमच्या जवळ हात न्या. एका बाजूची धग जास्त लागली, तर पहिल्यांदा त्या बाजूचे ब्रेक शू घासतात का ते बघा. ते मोकळे असतील, तर टेप घेऊन पुन्हा गाडीखाली.