नर टर्की साद देत नाही तेव्हा

मित्रहो, रानटर्की या मोठ्या अमेरिकी पक्ष्याच्या वासंतिक शिकारीविषयी बोलताना माणसे बहुधा साधलेल्या नेमाच्या गोष्टी सांगतात. मी मात्र ज्या हंगामात पहाटेपासून रान गप्प असते आणि खांद्यावरची बंदूक तशीच परत येते, त्या हंगामाविषयी बोलणार आहे. माझा अनुभव अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला, ओझार्क टेकड्यांतल्या ओक आणि हिकरीच्या जंगलांमधला आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. तिथे मात्र परवान्याने होणारी मर्यादित शिकार हा वन्यजीव व्यवस्थापनाचाच एक भाग आहे.

मिझुरीचा हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि तीन आठवडे चालतो. सार्वजनिक जंगलात दुपारी एक वाजता शिकार थांबवावी लागते. मारायचा तो नर किंवा दाढीवालाच पक्षी, म्हणजे छातीवर केसांसारख्या पिसांचा झुबका असलेला. असे दोन मिळवण्याची मुभा असते, पण पहिल्या आठवड्यात एकच.

या शिकारीची अडचण तिच्या मुळाशीच आहे. निसर्गक्रम असा की, नर पहाटे रातथाऱ्यावरून गडगडाटी साद घालतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मात्र झाडाला पाठ टेकून मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे चालत यावे अशी अपेक्षा धरतो. आपल्याकडचे फासेपारधी तित्तिरांचे आवाज हुबेहूब काढत, तेच कौशल्य इथे लाकडी पेटी, पाटीचा तुकडा किंवा तोंडात धरायची पातळ पडदी वापरून साधतात. पण नराभोवती खऱ्या माद्या असतील तर या खोट्या हाकेकडे तो कशाला वळेल? नवखा शिकारी अशा वेळी आपला आवाज कमी पडतो असे समजतो आणि एकामागून एक साधने काढून अधिकाधिक मोठ्याने हाका मारू लागतो. आधीच शिकाऱ्यांची वर्दळ असलेल्या जंगलात त्याचा परिणाम एवढाच होतो की, उरलेसुरले नरही मुके होतात.

चिकाटी हवी ती हाका मारण्यात नव्हे, बसून राहण्यात. आणि का बसायचे हे मादीच्या विणीच्या क्रमावरून कळते. मादी साधारण दहा-बारा अंडी घालते, जवळजवळ रोज एक. त्या काळात ती सकाळ चढल्यावर नराला सोडून घरट्याकडे निघून जाते. अंडी पुरी झाली की सुमारे २८ दिवस ती उबवत बसते आणि नराकडे फिरकत नाही. पहाटे ज्याने ढुंकूनही पाहिले नाही, तोच नर दहाच्या सुमारास एकटा पडतो, आणि शेवटच्या आठवड्यात तर दिवसाचा बराच वेळ तो एकटा असतो. निराश होऊन आठ-नऊ वाजता गाडीकडे परतणारा शिकारी नेमक्या संधीच्या तोंडावर उठतो. तेव्हा येणारा नर साद देईलच असे नाही; पाचोळ्यातली सावकाश पावले किंवा छातीत जाणवावा तसा एक खोल घुमार, एवढीच त्याची चाहूल असते. त्याला वासाची जाण फारशी नसते, पण नजर विलक्षण तीक्ष्ण असते. त्यामुळे गोचीड पोटरीवर चढत असली तरी हात हलवायचा नाही. (ओझार्कमध्ये गोचिडी किती असतात हे तिथे बसल्याखेरीज कळत नाही.)

हट्ट मात्र एका ठिकाणी सोडावा लागतो. दमलेला, उतावीळ माणूस सादेच्या दिशेने लपतछपत सरकू लागतो, आणि ती साद कधीकधी दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेली असते. नराच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा हे रंग असतात, म्हणून माणसालाच पक्षी समजून कोणी बार काढू नये यासाठी त्या रंगांचे कापड अंगावर नको, हा नियम अपघातांतूनच आला आहे.

कधीकधी हंगाम अवघड असतो तो पक्षीच कमी असल्यामुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिझुरीत टर्की इतकी घटली होती की शिकार बंद करावी लागली. पक्षी जाळ्यांनी पकडून नव्या जंगलांत सोडल्यावर १९६० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. गेल्या दोन दशकांत अनेक राज्यांत संख्या पुन्हा उतरली आहे, आणि टेनेसीने २०२३ मध्ये हंगाम दोन आठवडे पुढे ढकलून मर्यादा दोन पक्ष्यांवर आणली. पिल्ले बहुतांशी पहिल्या दोन आठवड्यांतच दगावतात. जूनमध्ये थंड पाऊस लागला की त्यांचे आणखी हाल होतात, आणि दोन वर्षांनी, सर्वाधिक साद घालणारे दोन वर्षांचे नरच जंगलात थोडे उरतात. अशा वर्षी कितीही बसले तरी ती उणीव भरून निघत नाही. समोर आलेला एक वर्षाचा, आखूड दाढीचा नर मग मी जाऊ देतो. नियमाने तो चालतो, मला चालत नाही.

मिझुरीत जून ते ऑगस्टमध्ये नागरिकांकडून माद्या आणि पिल्लांच्या नोंदी गोळा केल्या जातात. रिकाम्या हाताने परतलेल्यांना मी आवर्जून सांगतो की त्या नोंदी तुम्ही पाठवा, कारण तीन आठवडे एकाच दरीत बसल्यावर कुठली मादी कुठल्या झुडपाखाली नाहीशी होते, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.