शेअर बंद केलाय, पण खरंच?

एक स्टोरेज सर्व्हर, त्यावर अख्ख्या ऑफिसचे फोल्डर. कुठला फोल्डर नेटवर्कवर कोणाला दिसणार, हे लिहिलेलं असतं कुठे?

सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचे फोल्डर वापरायची पद्धत, तयार केलं, तेव्हापासून याचं उत्तर होतं: एका वेगळ्या फाइलीत. लिनक्सवर ती आजही ‘एक्सपोर्ट्स’ या नावानं सापडते. डेटा एकीकडे, त्याची यादी दुसरीकडे. फोल्डरची जागा बदलली की यादी हातानं दुरुस्त करायची, आणि ते राहून जायचं.

पुढे सनमध्येच जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर डेटा मांडून ठेवणारी व्यवस्था) उभी केली. २००५ मध्ये तिचा सोर्स कोड ओपन सोलारिसमधून खुला झाला. तिनं ही सेटिंग थेट डेटासेटलाच चिकटवली. डेटासेट म्हणजे स्वतःच्या सेटिंग असलेला, फोल्डरसारखा दिसणारा कप्पा.

पडद्यावरची ओळ पाहा. झेडएफएस सेट शेअरएनएफएस=ऑन टँक/ऑफिस. बस्स, एवढंच. इथे ‘टँक’ हा पूल, म्हणजे डिस्कांचा एकत्र साठा, आणि ‘ऑफिस’ हा त्यातला डेटासेट. ऑफिसच्या पोटातल्या सगळ्या डेटासेटना ही सेटिंग वारशानं मिळते. उद्या नवा डेटासेट बनवला, तर तोही शेअर. डिस्क काढून दुसऱ्या सर्व्हरवर पूल इम्पोर्ट केला, तरी सेटिंग बरोबर जाते. विंडोजवाल्यांसाठी अशीच शेअरएसएमबी ही सेटिंग आहे. लिनक्सवर त्यामागे साम्बा हे सॉफ्टवेअर काम करतं.

आता वारसा म्हटला की वादही आलाच. समजा, याच ऑफिसमध्ये ‘पगार’ नावाचा डेटासेट आहे. त्याच्यावर आपण शेअरएनएफएस=ऑफ केलं. झेडएफएसला विचारलं, तर ती ‘ऑफ’ असंच सांगेल, आणि ते खोटंही नाही. पण लिनक्सवर नुसतं ‘ऑन’ म्हटलं, की वरच्या डेटासेटला क्रॉसमाउंट हा पर्याय आपोआप लागतो. मग त्याच्या आत माउंट झालेलं, म्हणजे फोल्डर म्हणून जोडलेलं, सगळं एनएफएस सर्व्हर परस्पर खुलं करतो. पगारसुद्धा! वर, हे ‘ऑन’ सर्व्हरपर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक मशीनसाठी असतं. मग अडवायला उरतात फक्त फाइलींच्या परवानग्या. इतक्या छोट्या शब्दात इतकं काही दडवणं, हे जरा अतिच.

त्यापेक्षा पर्याय स्वतः लिहावेत. आरडब्ल्यू=@१९२.१६८.१.०/२४ असं दिलं, की फक्त त्या नेटवर्कला वाट मिळते आणि क्रॉसमाउंट आपणहून घुसत नाही. मात्र एनएफएसच्या जुन्या, तिसऱ्या आवृत्तीवर आतला प्रत्येक डेटासेट क्लायंटवर, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवर, वेगळा माउंट करावा लागतो, नाहीतर फोल्डर रिकामा दिसतो आणि ‘डेटा उडाला’ म्हणून फोन येतात.

खात्री सर्व्हरवर बसून होत नाही. दुसऱ्या मशीनवरून ‘ऑफिस’ माउंट करायचं आणि ‘पगार’मधल्या फाइली दिसतायत का ते बघायचं.