गोऱ्या साहेबांची पेन्शन

[गेटवे ऑफ इंडिया, जुनी चित्रफीत]
२८ फेब्रुवारी १९४८. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीचे जवान गेटवेच्या कमानीखालून बोटीकडे निघालेत. स्वतंत्र भारतातून परतणारी ही शेवटची ब्रिटिश पलटण. बँड, सलामी, सगळं रीतसर.

[बॅलार्ड पियर, बोटीची शिडी]
आयसीएसचे, म्हणजे इंग्रजी राज्याच्या वरिष्ठ प्रशासकीय सेवेचे, बरेच गोरे साहेब त्याआधीच निघून गेले होते. कलेक्टर, जज्ज, कमिशनर. नोकरीची पुरी वर्षं भरली की हुद्दा कोणताही असो, वर्षाला १,००० पौंड पेन्शन. घ्यायची लंडनमध्ये, भरायची हिंदुस्थानच्या तिजोरीनं. 'होम चार्जेस' म्हणून बाहेर जाणाऱ्या या पैशाचा हिशेब मांडण्यात दादाभाई नौरोजींचं आयुष्य गेलं.

आता राज्यच बदललं. मग द्यायची कोणी?

पेन्शन आम्ही देऊ, असं दिल्लीनं मान्य केलं. नोकरी अर्ध्यावर सुटल्याची भरपाई मात्र देणार नाही, म्हणाले. ती ब्रिटननं द्यावी. आणि ब्रिटननं दिली.

[रिझर्व्ह बँक, फोर्टमधली जुनी इमारत, चिंतामणराव देशमुखांचं छायाचित्र]
हे चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, स्वतः आयसीएस, आणि त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. बँकेच्या वह्यांत एक मोठं येणं होतं. युद्धात ब्रिटननं इथून धान्य, कापड, दारूगोळा उचलला, तोही उधारीवर. लंडनमध्ये आपल्या नावावर नुसती नोंद व्हायची. इथे तिच्या जोरावर नोटा छापल्या जायच्या. महागाई भडकली. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं अन्नाविना मेली. युद्ध संपलं तेव्हा ती नोंद सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती.

[करारावरील आकडे, एकेक करून पडद्यावर]
जुलै १९४८. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी लंडनला बोलणी करताहेत. ब्रिटिश सैन्यानं मागे सोडलेल्या सामानासाठी १० कोटी पौंड याच येण्यातून वळते झाले. म्हणजे आपल्याच घामाच्या पैशातून. मग पेन्शनी. केंद्राच्या वाट्याच्या १४ कोटी ७५ लाख, प्रांतांच्या २ कोटी ५ लाख. एकूण १६ कोटी ८० लाख पौंड, म्हणजे तेव्हाचे २२४ कोटी रुपये. एकरकमी, आगाऊ.

त्या बदल्यात भारतानं ब्रिटनकडून चक्क एक वर्षासन विकत घेतलं. दरवर्षी ठरलेले पौंड यायचे, त्यातून साहेबांची पेन्शन भागवायची. साहेब म्हातारे होत जाणार, एकेक जाणार. तशी रक्कमही घटत ६० वर्षांत शून्यावर यायची. दिल्लीला दरसाल पौंड शोधायला नकोत, आणि तिकडे पेन्शनरालाही घोर नको.

[संविधान सभा, सरदार पटेल बोलताना]
इथेच राहिलेल्या आयसीएस अधिकाऱ्यांचं काय? १० ऑक्टोबर १९४९. सभागृहात नाराजी आहे: कालपर्यंत आपल्याला तुरुंगात टाकणाऱ्यांच्या पगार-पेन्शनला संविधानाची हमी कशाला? पटेल ऐकत नाहीत. शब्द दिलाय, तो मोडायचा नाही; शिवाय देश यांच्याच हातांनी चालतोय. हमी कलम ३१४ मध्ये गेली.

[संसद भवन, बाहेरून]
१९५५ मध्ये ब्रिटननं कायदा करून तिकडच्या पेन्शनरांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १९७२ मध्ये २८ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३१४ रद्द झालं.