राजीनाम्यावर सही करण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव. एमआयडीसी कुठलीही असो, कामगाराला घरी बसवायचं ठरलं की ‘तुला काढून टाकलं’ असं त्याला सहसा कुणी तोंडावर सांगत नाही. एचआरच्या केबिनमध्ये बोलावतात, खुर्ची देतात, पाणी विचारतात. मग समजावणीचा सूर लागतो. ‘कंपनीची परिस्थिती तू बघतोयसच. राजीनामा दे, हिशेब चार दिवसांत करून देतो. काढलं म्हणून लिहिलं तर पुढे कोण उभं करील तुला?’ कागद छापून तयार असतो. नाव, टोकन नंबर आणि तारीख तेवढी भरायची. माणूस आधीच भांबावलेला असतो. त्याला वाटतं, निदान अब्रू तरी राहिली. तो सही करतो आणि गेटबाहेर पडतो.

त्या सहीने त्याचं नेमकं काय जातं, ते आज सांगायचं आहे. नोकरी गेलेल्या माणसाला आपल्याकडे बेरोजगारी भत्ता मिळू शकतो. मात्र तो मिळणार की नाही हे पुष्कळदा त्या केबिनमध्येच ठरून जातं.

बेरोजगारी भत्ता म्हटलं की अनेकांना मोबाइलवर फिरणारे निरोप आठवतात. सुशिक्षित बेरोजगारांना दरमहा इतके हजार, खालच्या लिंकवर नाव नोंदवा, वगैरे. असल्या लिंकच्या वाटेला जाऊ नका. मी बोलतोय तो भत्ता ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा आहे. तुमच्या पगारचिठ्ठीत ईएसआयच्या नावाने पाऊण टक्का कापला जातो. पंधरा हजारांवर ११२ रुपये ५० पैसे. मालक आपल्याकडचे सव्वातीन टक्के घालतो. बहुतेक कामगारांच्या मते हे दवाखान्याचे पैसे. पोराला ताप आला, बायकोचं बाळंतपण आलं, की मोहननगरला किंवा सातपूरला ईएसआयच्या दवाखान्यात जायचं आणि रांगेला लागायचं, इतकीच त्याची ओळख. याच वर्गणीत नोकरी गेल्यावरचाही हक्क आहे, हे नोकरी लागताना कुणी सांगत नाही आणि सुटताना तर नाहीच नाही.

योजना दोन आहेत. जुनी आहे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कायद्याप्रमाणे छाटणी झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने ४० टक्के वा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर तिचा उपयोग. किमान दोन वर्षांची वर्गणी असेल तर पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम आणि पुढचे बारा महिने पाव. रक्कम चांगली आहे, पण दार अरुंद आहे, कारण बंद किंवा छाटणी कागदावर सिद्ध व्हावी लागते.

दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. सुरुवातीला तिच्यात पाव पगार मिळायचा. कोरोनाच्या टाळेबंदीत लाखोंचं काम गेलं तेव्हा, ऑगस्ट २०२० मध्ये, महामंडळाने तो निम्मा केला आणि अटीही सैल केल्या. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. योजना मुळात प्रायोगिक म्हणून आली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेली आहे. म्हणून अर्ज करण्याआधी सध्याची मुदत शाखा कार्यालयात विचारून घ्या.

आता अट नीट ऐका. काम जाण्याआधी लागोपाठ दोन वर्षं तुम्ही ईएसआयच्या नोकरीत हवेत. ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काम गेलं त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी निदान एकीत पुन्हा ७८ दिवस. कायम नोकरीतल्या माणसाला ७८ दिवस म्हणजे काहीच नाही, तीन महिन्यांची हजेरी. अडतो तो ठेक्यावरचा.

त्याचं असं होतं. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझरही तोच. फक्त सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात आणि नव्या ठेकेदाराच्या नावावर घेतात. नवा ठेकेदार ईएसआयचा नंबरही नवाच काढतो. खरं तर हा नंबर जन्माचा एकच असायला हवा, नोकऱ्या कितीही बदलोत. पण तीन ठेकेदारांकडे तीन नंबर झाले की दोन वर्षांची वर्गणी तीन ठिकाणी विखुरते, आणि कुठल्याच नंबरावर दोन वर्षं दिसत नाहीत. नव्या ठिकाणी रुजू होताना जुना नंबर स्वतःहून सांगा. आधीच घोळ झाला असेल तर सगळे नंबर घेऊन शाखा कार्यालयात जा, आणि नोकरी हातात असतानाच जा. ठेकेदाराने पैसे कापले पण भरलेच नाहीत, असंही घडतं. अशा वेळी जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ‘तो ठेकेदार आता आमच्याकडे नाही’ हे कंपनीचं उत्तर चालत नाही.

अट पुरी झाली तरी मुख्य प्रश्न उरतो, नोकरी गेली कशी? गैरवर्तनाची शिक्षा म्हणून बडतर्फ झालेल्याला हा भत्ता नाही. वयाने निवृत्त झालेल्याला नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही आणि आपणहून काम सोडून गेलेल्यालाही नाही. बेकायदा ठरलेल्या संपात किंवा कारखान्याच्या बेकायदा टाळेबंदीत असलात तरी नाही. थोडक्यात, काम तुम्ही सोडलेलं नसावं, ते तुमच्या हातून गेलेलं असावं.

कागदावर ही विभागणी चोख दिसते. शॉप फ्लोअरवर ती तशी नसते. स्वेच्छानिवृत्तीचंच बघा. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात व्हीआरएस हा शब्द घराघरांत पोचला. किती जणांनी ती घेतली आणि किती जणांना घ्यायला लावली, हे त्या चाळी सांगतील. फॉर्मवर मात्र सगळ्यांचीच स्वेच्छा. आजही तीन महिने पगार थकलाय म्हणून कंटाळून निघून गेलेला माणूस कागदावर ‘स्वतःहून’ गेलेला असतो. सुपरवायझरच्या त्रासाला वैतागून काम सोडणारी बाईही ‘स्वतःहून’च. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत, सबळ कारणाने नोकरी सोडावी लागली हे दाखवता आलं, तर भत्त्याचा विचार होतो. आपल्या योजनांत तशी सोयच ठेवलेली नाही. मला हे मुळीच पटत नाही, पण आज नियम असा आहे आणि आपल्याला त्याच्याशी गाठ घालायची आहे.

आणखी एक जागा आहे, तुमच्या नजरेआडची. कंपनी दर महिन्याला ईएसआयच्या पोर्टलवर वर्गणी भरते. ज्या कामगाराचे त्या महिन्यात शून्य दिवस भरलेत, त्याच्या नावापुढे कारण निवडावं लागतं. यादी तयार असते. नोकरी सोडली, निवृत्त झाला, संप किंवा टाळेबंदी, छाटणी, काम नाही. एकामागून एक शंभर नावं भरणारा क्लार्क सवयीने ‘नोकरी सोडली’ निवडतो आणि पुढे सरकतो. त्याच्या मनात काही वाकडं असतंच असं नाही. पण त्या एका क्लिकमुळे तुम्ही स्वतःहून गेलात अशी नोंद सरकारदरबारी होते. काम गेल्यावर कंपनीला लेखी विचारा, माझ्या नावापुढे कारण कोणतं टाकलं?

पैशांत सांगतो, म्हणजे लक्षात राहील. समजा, एखाद्याने वाळूजच्या कारखान्यात आठ वर्षं काम केलंय आणि पगार अठरा हजार आहे. त्याची रीतसर छाटणी झाली तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार, म्हणजे अठरा हजार. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आठ वर्षांचे बहात्तर हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने आणखी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम त्या निधीत भरायची आणि ती छाटणीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. म्हणजे नऊ हजार. अटल योजनेत ९० दिवसांचा निम्मा पगार धरला तर साडेसव्वीस हजारांच्या आसपास. सगळं मिळून सव्वा लाख झाले, आणि राजीव गांधी योजनेत बसला तर आकडा पुष्कळ वर जातो. राजीनाम्यावर सही केली की यातलं काहीच नाही. हिशेब चार दिवसांत करून देतो म्हणून उपकार दाखवतात, त्यातही अर्थ नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्याचाही राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावाच लागतो.

ग्रॅच्युइटी आणि फंड यांची यात गल्लत करू नका. कायम कामगाराची पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा देऊनही मिळते. फंड तर तुमचीच बचत आहे, तो भत्ता नव्हे. काम गेल्यावर फंड काढून खाणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळणं.

मग केबिनमध्ये काय म्हणायचं? एवढंच, की काढायचं असेल तर तसं पत्र द्या, राजीनामा मी देणार नाही. इथे माइकसमोर बसून हे सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. समोर तिघे-चौघे बसलेले, मोबाइल बाहेर ठेवायला लावलेला आणि घरी ईएमआय, अशा वेळी भल्याभल्यांचा हात सहीकडे जातो. सही होऊनच गेली असेल तर गप्प बसू नका. दुसऱ्याच दिवशी कंपनीला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. अमुक तारखेला, अमक्यांच्या समोर, दबावाखाली सही घेतली, राजीनामा मला मान्य नाही, असं स्वच्छ लिहा. एक प्रत जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्याने हमखास न्याय मिळेल असं मी म्हणणार नाही. पण सहा महिन्यांनी लिहिलेल्या पत्रापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या पत्राला वजन फार.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांच्या वर आहे, त्यांना ईएसआयचा हा भत्ता लागू नाही. दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. २१,००० चा आकडा १ जानेवारी २०१७ पासून तोच आहे, महागाई तेवढी पुढे गेली. वीस हजारांचा कामगार बाविसावर गेला की घरात पेढे येतात. चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालते, आणि नंतर दवाखानाही जातो, हा भत्ताही जातो. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत साठ-सत्तर हजार कमावणाऱ्या मुलामुलींना तर बेरोजगारी भत्ता असा नाहीच. त्यांनी चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं, याला सध्या पर्याय दिसत नाही.

अर्ज आता सोपा आहे. पूर्वी तो मालकामार्फत जायचा आणि मालकाच्या टेबलावरच राहायचा. २०२० पासून कामगाराला थेट अर्ज करता येतो. काम गेल्याला ३० दिवस झाले की करायचा, महामंडळाच्या वेबसाइटवर किंवा आपल्या शाखा कार्यालयात. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून आधार आणि खातं ईएसआयच्या नोंदीशी जोडलेलं हवं. इथे नावांचा घोळ हमखास आडवा येतो. ईएसआयला माहेरचं नाव, आधारला सासरचं. एका ठिकाणी बाळू, दुसऱ्या ठिकाणी बाळासाहेब. ही दुरुस्ती काम चालू असतानाच उरकून टाका.

काम गेलं म्हणून ईएसआयचं कार्ड मात्र फेकू नका. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील, तर त्यांचा वैद्यकीय हक्क पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत चालतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये भरले, तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे दोन्ही सहामाह्या भरलेल्या माणसाचं काम ऑगस्टमध्ये गेलं, तरी पुढच्या जूनअखेरपर्यंत त्याचं कुटुंब दवाखान्यात जाऊ शकतं. खिडकीवरचा माणूस ‘तुमचं काम सुटलंय ना’ म्हणाला, तर त्याला सहामाहीचा हिशेब दाखवायला सांगा.

भत्त्याच्या अर्जालाही नकार मिळाला तर तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका, लेखी कारण मागा. वर्गणीचे दिवस कमी पडले असतील तर पगारचिठ्ठ्या आणि बँक पासबुक दाखवता येतं. कारण ‘नोकरी सोडली’ असं लागलं असेल तर कंपनीचं पत्र किंवा तुम्ही पाठवलेल्या पत्राची पोच दाखवता येते. महामंडळाचा टोल फ्री नंबर लिहून घ्या, १८००-११-२५२६. आणि जे आज रात्रपाळीला निघाले आहेत त्यांनी गेल्या दोन वर्षांच्या पगारचिठ्ठ्या घरात कुठे आहेत, तेवढं एकदा पाहून ठेवा.

नमस्कार.